प्रज्वल जमिनीवरून उठतो तेव्हा

कॅम्प ४, उल्हासनगर

प्रिय वैशू,

सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तू एवढी खुशीत होतीस आणि मी नुसतं "बरं, जपून राहा" म्हणून फोन ठेवला. तुला राग आला असणार. मी ओळखते ना तुला, नाक फुगवून जयदेवरावांना म्हणाली असशील, ताईला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. तसं नाही गं बाई. तू आई होणार हे ऐकलं आणि मी आधी प्रज्वलकडे बघितलं. भीती वाटली, सरळ सांगते. कशाची, ते फोनवर बोलता येईना. तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि सासूबाई बाजूलाच भाजी निवडत बसलेल्या असतात. आणि त्या नसत्या तरी मला जमलं नसतं. मी काही सांगायला लागले की तू मध्येच "काय झालं, काय झालं" करतेस, मग माझं डोकं फिरतं आणि आपण भांडतो. म्हणून लिहायला बसलेय. प्रज्वल शाळेत गेलाय. मशीन बंद ठेवलंय. शेठच्या जीन्सचे गठ्ठे दारात पडलेत, पडू देत. आज शेठने किती बोंब मारली तरी मी सुईला हात लावणार नाही.

प्रज्वलचं तुला अर्धंमुर्धंच माहीत आहे. पायात जरा अशक्तपणा आहे, औषध चालू आहे, एवढंच मी सगळ्यांना सांगत आलेय. आता पहिल्यापासून ऐक. तो चालायला उशिरा लागला, आठवतं ना? गल्लीतली त्याच्या वयाची पोरं धुडगूस घालायची आणि हा आपला भिंतीला धरून उभा. चालायला लागला तोही टाचा उचलून. आम्हाला त्याचंसुद्धा कौतुक! आणि त्याच्या पोटऱ्या! बाकी अंगाने काडी आणि पोटऱ्या कशा भरलेल्या, टणक. बाबांवर गेलाय, असं आपण सगळ्याच म्हणायचो. बाबा तरुणपणी कॅम्पाच्या टीममधून कबड्डी खेळायचे ना, म्हणून. शेजारची सिंधी आंटी खिडकीतून हाक मारायची, "ओ पहलवान, इधर आ, पुट!" आणि हा चवड्यांवर तुरुतुरु जाऊन बिस्कीट घेऊन यायचा. त्या पोटऱ्या दाबून दाबून मी त्याचे लाड केलेत, वैशू. आता आंघोळ घालताना तिथे साबण लावते आणि पटकन पाणी ओतते.

मग तो पडायला लागला. सपाट जमिनीवर, काही आडवं आलेलं नसताना. सुरुवातीला आम्ही म्हणालो, धांदरट आहे. तुझे दाजी आनंदनगरच्या कंपनीतून ड्युटी करून दमून यायचे, हा जिन्यात "पप्पा, उचला" करून बसायचा, की ते वैतागायचे. नाटकं करतो, शीला, तू लाडावून ठेवलायस त्याला. जिना चढताना प्रज्वल कठडा दोन्ही हातांनी धरायचा आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचा. शाळेतल्या पीटीच्या सरांनी कवायतीत मागे राहतो म्हणून त्याला मैदानाच्या कडेला उभं केलं, तेव्हा मी शाळेत जाऊन अशी काही भांडले की वॉचमन मला अजून सलाम करतो. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, ड जीवनसत्त्वाचं पाकीट दिलं. एक्स-रे काढला, हाडं एकदम ठणठणीत. कुणी म्हणालं पाय सपाट आहेत, बूट घ्या. बूट घेतले. कुणी म्हणालं वाढीचं दुखणं आहे, वाढता वाढता जाईल. पण अगं, तो दुखतंय असं कधी म्हणायचाच नाही! म्हणायचा, "मम्मी, पाय ऐकत नाही." हे वाक्य त्याने मला कितीदा सांगितलं असेल. मी त्याला म्हणायचे, दूध पी, मग ऐकेल.

ह्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला तू आली नव्हतीस, तुला ताप होता.  विहारात आईने स्वतः खीर केली होती. प्रज्वलला पांढरा सदरा घातला होता, पुढच्या रांगेत मांडी घालून बसला होता अगदी शहाण्यासारखा. वंदना झाली आणि सगळे उठले. हा उठायला लागला. आधी पालथा झाला, मग हातापायांवर आला, ढुंगण वर केलं, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा गुडघ्यावर, आणि मग मांड्यांवर हात चढवत चढवत स्वतःलाच वर ढकलत उभा राहिला. पोरं खिदळली. कुणीतरी म्हणालं, "काय रे म्हातारबाबा!" आणि खोटं कशाला सांगू, मीपण हसले. घरी तो रोज असाच उठायचा, आम्हाला सवय झाली होती. मी हसत हसत आईकडे बघितलं. आई हसत नव्हती. तिच्या हातात खिरीचा डाव होता, तो तसाच हवेत. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, आई, चक्कर येते का? तिने डाव माझ्या हातात दिला आणि कुणाशी न बोलता घरी निघून गेली. आपली आई, जी शेवटच्या माणसाच्या वाटीत खीर पडल्याशिवाय विहारातून हलत नाही, ती चप्पल उलटसुलट घालून गेली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही, पण तिथून मला चैन पडेना. आंटीच्या सुनेने अंबरनाथच्या एका लहान मुलांच्या डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं. गेलो. मी फाइल काढली, एक्स-रे काढला, तर त्यांनी ते काही बघितलंच नाही. प्रज्वलला म्हणाल्या, बाळा, खाली जमिनीवर बस बरं, आणि आता उठ. तो उठला, तसाच. त्यांनी पुन्हा बसवला, पुन्हा उठवला. पोटऱ्या दाबून बघितल्या.  मग त्यांनी मला विचारलं, "ह्याला मामा आहेत का?"

वैशू, एवढा साधा प्रश्न.  मी म्हटलं, होता. लहानपणी पोलिओ झाला होता, गेला तो. त्या म्हणाल्या, पोलिओत बहुतेक वेळा एक पाय बारीक पडतो. तुमच्या भावाचे पाय बारीक होते का? मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, नाही. कारण मिलिंदला तेल मी लावायचे. आई कामावर जायची, तेव्हा ते काम माझ्याकडे होतं. त्याच्या पोटऱ्या माझ्या तळहातात मावायच्या नाहीत. मी त्याला चिडवायचे, दुधी भोपळे. तो चालायचा तेव्हाचं हे. तुला तो आठवतो खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला, तुझ्या वह्यांवर गाड्यांची चित्रं काढून देणारा, मान एका बाजूला कललेली. तू पाळण्यात होतीस तेव्हा मिलिंद चालायचा गं. चवड्यांवर चालायचा. आणि जेवण झालं की मांड्यांवर हात चढवत उठायचा. मी आणि बाबा त्याला म्हणायचो, आला जिना चढून. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, कुठेतरी मागे टाकून दिलेलं. डॉक्टर बाईंसमोर ते एकदम पुढे आलं आणि मी प्रज्वलला उचलून मांडीवर घेतलं, घट्ट, तो "मम्मी, दुखतंय" म्हणेपर्यंत.

आणि मला रडू कशाचं आलं सांगू? पोलिओच्या डोसांचं. मी एक पोलिओ रविवार चुकवला नाही. ताप असला तरी नेला, पाऊस असला तरी नेला. मिलिंदसारखं माझ्या पोराचं व्हायला नको म्हणून. बूथवरची ताई करंगळीला शाई लावायची आणि मी ती करंगळी सगळ्या गल्लीला दाखवत यायचे. एकदा तर शाई पुसट लागली म्हणून मी दुसऱ्या बूथवर नेऊन पुन्हा डोस पाजला, माहितीये? वाटायचं, झालं, दार लावलं, आता काही आत येत नाही. आणि ते तर घरातच होतं. माझ्याच रक्तात.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. पहिल्या तपासणीत स्नायू मोडतात तेव्हा रक्तात जे उतरतं ते मोजतात. ते इतकं जास्त निघालं की लॅबवाल्याने चूक झाली समजून पुन्हा केलं. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून जनुकांची तपासणी झाली, प्रज्वलची आणि माझी. दोघांत एकच दोष निघाला. स्नायूंचा आजार आहे. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, पण त्यात ताकद नसते. आतला स्नायू झिजतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. आमचा पहलवान. बरं करणारं औषध अजून नाही. हळू करता येतं. गोळ्या आहेत, त्याने तो जास्त दिवस चालेल, पण भूक खवळते, तोंड सुजल्यासारखं होतं, आणि गोळ्या मनाने अचानक बंद करायच्या नाहीत असं चार वेळा बजावलंय. टाचा ताणायचे व्यायाम मला शिकवलेत, ते सकाळ-संध्याकाळ करते. झोपताना पायाला पट्ट्या. हृदय आणि श्वास दर वर्षी तपासायचा. दमेपर्यंत पळवायचं नाही, पण उचलूनही फिरवायचं नाही, जेवढं जमतं तेवढं त्याचं त्याला करू द्यायचं. मालीशवाल्या बाईला मी बंद केलं, ती पाय ओढून ओढून मोकळे करायची. डॉक्टर बाई म्हणाल्या, तुमच्या भावाच्या वेळचे दिवस आता राहिले नाहीत, आता ही मुलं कॉलेजात जातात, नोकऱ्या करतात, जास्त जगतात. जास्त म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

मला फार भीती वाटते, वैशू. तुला तरी सांगू दे. दिवसभर मी त्याच्या पायांकडे बघत असते. काल तो बाटली आणायला आतल्या खोलीत गेला आणि काही आवाज आला नाही, तर मी धावत गेले. तो आरामात खिडकीशी उभा राहून आंटीच्या मांजराशी गप्पा मारत होता. कोणत्या दिवशी तो खुर्चीत बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हेच चालू असतं डोक्यात. तुझे दाजी तर बदललेच आहेत. ज्या माणसाने नाटकं म्हणून पोराला जिन्यात बसवून ठेवलं होतं, तो आता रोज गेटपाशी उतरला की आधी वर बघतो, प्रज्वल गॅलरीत उभा आहे ना म्हणून. त्यांनी साहेबांना सांगून सकाळचीच ड्युटी मागून घेतली. संध्याकाळी दोघं मिळून टाचा ताणतात, एकदोन एकदोन करत. प्रज्वलला वाटतं, तो कबड्डीची तयारी करतोय. कुणी सांगितलं त्याला तसं, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी सरळ आईकडे गेले. भांडायलाच गेले होते. ती पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, तुला माहीत होतं. तिने तवा उतरवला आणि बसली खाली. म्हणाली, हो. मिलिंदच्या वेळीच मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे आईकडून मुलाला येतं. बाबा बरोबर होते. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, सुंदरा, घरी काही बोलायचं नाही, पोलिओ सांगायचं. आपल्या आजीची जीभ तुला माहीत नाही, तू लहान होतीस. तिने आईला एक दिवस नांदू दिलं नसतं. पोलिओ म्हटलं की कुणी आईला नाव ठेवत नाही. बाबा मरेपर्यंत तसंच बोलत राहिले, बायकोवर बोट येऊ नये म्हणून. आणि आईला वाटलं की ते तिच्यापाशीच थांबलं. मुलींना तर काही झालेलं नाही, दोघी धडधाकट, मग संपलं. मुलगी स्वतः धडधाकट राहून ते पुढे नेऊ शकते, हे एकतर तिला कुणी नीट सांगितलं नाही किंवा तिने ऐकलं नाही. प्रज्वलला तसं उठताना बघूनही ती मला काही का बोलली नाही, हे तर मला तिला विचारवतच नाही. विहारात तिच्या हातातला डाव थांबला, त्यानंतर ती आठवडाभर आमच्याकडे फिरकली नव्हती. मी भांडायला गेले होते आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडून आले. भांडण राहूनच गेलं.

पण परवा तुझा फोन आला, आणि तासाभरात आई माझ्या दारात. धापा टाकत. मला म्हणाली, वैष्णवीला ह्यातलं काही सांगू नकोस. सासर चांगलं मिळालंय, जयदेवराव देवमाणूस आहेत, पण त्यांच्या आईचं काय? घरात खुशी आहे आणि तू विष कालवशील. होईलच असं थोडंच आहे? प्रज्वलच्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे. तिने माझा हात धरून त्याच्या डोक्याकडे नेला पण. मी हात काढून घेतला. प्रज्वल आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता. आई अजून माझ्याशी बोलत नाही. नाही बोलली तर नाही.

आता नीट वाच, आणि दोनदा वाच. डॉक्टर बाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुम्हाला बहीण आहे का? आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, तिच्यातही असू शकतं, नसूही शकतं, दोन्ही सारखंच, पण तिला मूल होण्याआधी कळायला हवं. मी म्हटलं, अजून तिचं काही नाही, सवडीने सांगेन. आणि तू फोन केलास. म्हणून हे पत्र, वैशू. तुझे दाजी ते तुझ्याच हातात देतील, सासूबाईंच्या नाही. आधी फक्त तुझं रक्त तपासायचं. माझा रिपोर्ट बरोबर न्यायचा, म्हणजे नेमकं काय शोधायचं ते त्यांना कळतं. तुझ्यात नसेल तर विषयच संपला, मी तुमच्या बदलापूरभर पेढे वाटेन आणि आईच्या पाया पडेन. असेल तर पोटातल्या बाळाचीही तपासणी होते, पण ती वेळेत व्हावी लागते, महिने सरले की रस्ते बंद होतात. म्हणून रुसून बसू नकोस, लगेच ये. जयदेवरावांना सगळं सांग आणि घेऊन ये, ते चिडले तर माझ्यावर चिडू देत. पुढे काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, मी एक शब्द बोलणार नाही. कारण मी स्वतःला विचारून बघितलंय, मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? आणि उत्तर काहीही असलं तरी त्यात प्रज्वल नाही असं घर मला बघवत नाही. मला तो हवाय, असाच. पण तू डोळे मिटून जाऊ नयेस, मी गेले तशी, पोराची शाईची करंगळी मिरवत. परवा आई गेल्यावर मी त्याला सांगितलं की मावशीला बाळ होणार आहे. एवढा खूश झाला! टाळ्या वाजवल्या. मग मला म्हणाला, "मम्मी, मी बाळाला बसूनच घेईन हां. उभ्याने घेतलं तर पडेल."

तुझीच,
शीलाताई